कळमन्यातली मिरची काळी का दिसते

अगं, त्या फोटोवाल्या मंडळींच्या बैठकीला जायचं ठरवलंयस हे ऐकून फार बरं वाटलं. एकटीनेच फोटो काढत राहिलं की डोळा आपल्याच फोटोंना सरावतो, मग त्यातलं खटकणारंही खटकेनासं होतं. पण जाताना फोनमधली सगळी गॅलरी घेऊन जाऊ नकोस. आपल्या नागपूरच्या कळमना मार्केट यार्डात एक सकाळ काढली की ढिगाने फ्रेम होतात आणि त्यातली प्रत्येक आपल्याला कुठल्या ना कुठल्या कारणाने लाडकी असते. ते सगळं लोकांपुढे ओतायचं आणि ‘यातले चांगले कुठले ते तुम्हीच सांगा’ म्हणायचं, म्हणजे आपलं काम त्यांच्या गळ्यात घालणं झालं. निवड तू करायची. रॉबर्ट फ्रँक 1955-56 मध्ये गाडी घेऊन अमेरिकाभर हिंडला, सुमारे 27 हजार फ्रेम काढल्या आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात ठेवल्या फक्त 83. फोटो काढायला जेवढा जीव लावला, तेवढाच त्याने वगळायलाही लावला. तू पाच-सहा फोटो ने. त्यातला एखादा असा असू दे, ज्याच्याबद्दल तुझ्याच मनात धाकधूक आहे. बैठकीत खरा उपयोग त्याचाच होतो.

आणि प्रिंट ने, बाई. आठ बाय बाराचे, साध्या मॅट कागदावरचे चालतील. चहाच्या टपरीवर उन्हात फोन पुढे करून दाखवलेल्या फोटोवर कुणीही काहीही बोलतं. स्क्रीनवर सावल्या उजळ दिसतात, बोटाने मोठा करून बघता येतो, आवडला नाही की सरकवता येतो. कागदावरचा फोटो टेबलावर पडून राहतो. लोक त्याच्याभोवती फिरतात, परत येऊन बघतात, उलटा धरतात. उलटा धरला तर धरू दे. माणसं आणि गोष्टी ओळखू येईनाशा झाल्या की काळ्या-पांढऱ्याचं वजन कुठल्या बाजूला झुकलंय ते चटकन कळतं.

प्रिंट ठेवलास की गप्प बस. हे सगळ्यांत अवघड असतं. ‘त्या वेळी काय झालं माहितीये का,’ असं सुरू करावंसं वाटतं आणि तिथेच सगळं बिघडतं. त्या सकाळी तू तिथे होतीस. तुझ्या कानात हर्रासाची बोली होती, नाकात मिरचीचा खाट होता, मागून ‘बाजू, बाजू’ ओरडत येणारा हातठेला होता. फोटो बघताना तुला ते सगळं आपोआप आठवतं आणि ते फोटोतच आहे असं वाटू लागतं. समोरच्याला मिळतो फक्त कागद. त्यावर त्याला काय सापडतं हे जाणून घ्यायचं, त्यासाठी तर बैठक. तू आधीच गोष्ट सांगून टाकलीस तर तो कागद बघतच नाही, तुझं ऐकतो आणि मान डोलावतो. ‘हे कुठलं?’, ‘ही बाई काय करतेय?’ असं विचारलं तरी लगेच उत्तर देऊ नकोस. त्याला हे विचारावं लागलं यातच तुझं उत्तर आहे.

एक प्रसंग सांगते. आमच्या एका बैठकीत एका तरुण पोट्ट्याने कळमन्याच्या मिरची बाजारातला फोटो आणला होता. शेडच्या कडेला बसून एक बाई मिरची निवडतेय, पुढ्यात भलामोठा ढीग. चेहरा सुंदर पकडलेला, उजेड बाजूने आलेला. एका वयस्क गृहस्थांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि शांतपणे विचारलं, ‘कोळशाचा डेपो कुठला हा?’ त्या पोराचा चेहरा उतरला. पण गृहस्थ टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच कोळसा दिसत होता. मी बघितलं तर मलाही तोच दिसला.

यामागे साधा हिशेब आहे आणि कळमन्यात फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने तो डोक्यात ठेवावा. रंगीत फोटोचा करडा करताना नेहमीच्या पद्धतीत हिरव्याला सुमारे 59 टक्के वजन असतं, लालला 30 आणि निळ्याला 11, कारण आपल्या डोळ्यालाही हिरवा सर्वांत उजळ भासतो. वाळलेल्या मिरचीत हिरवा-निळा जवळजवळ नाहीच. म्हणून अख्ख्या बाजारात डोळ्यात भरणारी जी गोष्ट, तीच कृष्णधवलात काळवंडून बसते. आपल्या डोळ्याला लाल ओरडून दिसतो, कागदावर तो मुका होतो.

मग त्या पोराने जे केलं ते कुणीही केलं असतं. घरी जाऊन सॉफ्टवेअरमध्ये लाल आणि नारिंगीची पट्टी वर सरकवली. पुढच्या बैठकीला तोच फोटो नव्याने आला. ढीग उजळला होता, एकेक मिरची सुटी दिसत होती. सगळ्यांनी वाहवा केली. तेवढ्यात आमच्यातल्या एका मैत्रिणीने विचारलं, ‘बाईचं कुंकू कुठे गेलं?’

कपाळ कोरं होतं. लाल उजळला तसं कुंकूही उजळलं आणि कातडीच्या रंगात विरघळून गेलं. पहिल्या फोटोत ते ठसठशीत काळं होतं. आजीच्या तरुणपणचा स्टुडिओतला फोटो आठव, त्यातलं कुंकू कसं शाईने काढल्यासारखं असतं. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग ओळखायचीच नाही, त्यामुळे लाल सगळं काळं यायचं. इथे उलटं झालं. आणि आपल्याकडे सवाष्णीच्या कपाळाचं कुंकू पुसलं जाणं म्हणजे काय हे तुला सांगायला नको. शिवाय दुसरीही एक गोष्ट झाली होती, ती मला कुंकवाइतकीच लागली. बाई गोरी झाली होती. माणसाच्या कातडीत, सावळ्यांत सावळ्या कातडीतही, लाल-नारिंगीच जास्त असतो. ती पट्टी वर नेली की उन्हातान्हात राबलेला चेहरा पावडर लावल्यासारखा होतो, सुरकुत्या विरतात, गालावरचे वांग जातात. फोटो ‘स्वच्छ’ दिसतो म्हणून लोकांना आवडतोही. पण ती बाई तशी नाही. तिचा रंग बदलायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

त्या दिवशी पुढे जी चर्चा झाली तशी चर्चा तुला मिळो, अशी माझी फार इच्छा आहे. कुणी म्हणालं, फक्त ढिगापुरता उजेड वाढव, चेहऱ्याला हात लावू नकोस. कुणी म्हणालं, मुळात फोटो काढतानाच विचार कर. वाळलेल्या मिरचीची साल चकचकीत असते. शेडच्या तोंडाशी, उजेड तिरपा येतो तिथे खाली बसलीस तर प्रत्येक मिरचीच्या पाठीवर उजेडाची एक रेघ उमटते, आणि मग ढीग कितीही काळा आला तरी आकारावरून मिरची ओळखू येते. वरून, उभ्याने काढला तर कोळसाच दिसणार. ‘छान’ आणि ‘मस्त’ म्हणून उठलो असतो तर यातलं एक अक्षरही कुणाला मिळालं नसतं. आणि हो, मिरचीच्या शेडमध्ये जाशील तेव्हा नाकातोंडाला ओढणी बांध, आणि पोत्यांना हात लागला असेल तर तो धुतल्याशिवाय कॅमेऱ्याच्या काचेला डोळा लावू नकोस. बोटाचा तिखटपणा काचेच्या रबराला लागतो आणि तिथून डोळ्यात जातो.

संत्र्याचं गणित वेगळं. नारिंगीत हिरव्याचा अंश बराच असतो, त्यामुळे संत्री उजळ येतात आणि पानं गडद. अंबिया बहाराचा माल ऑक्टोबरपासून यायला लागतो तेव्हा बरीच फळं अर्धी हिरवी, अर्धी पिवळी असतात. कृष्णधवलात ती डागाळल्यासारखी, मार लागल्यासारखी दिसतात. पिकवणाऱ्याच्या मालावर आपण उगाच डाग पाडतो, त्याचं भान ठेव. आणि एक विचार कर: संत्र्याचा भाव ठरतो तो पुष्कळसा रंगावर आणि आकारावर. तू रंगच काढून घेतलास, मग उरलं काय? उरतात हात. ढिगातून फळ उचलून अंगठ्याने साल दाबून बघणारा व्यापारी, बोली चालू असताना खिशात हात घालून जमिनीकडे बघत उभा असलेला शेतकरी, पाठीवर कट्टा घेताना हमालाच्या मानेला येणारा बाक. रंग असता तर डोळा आधी संत्र्यांवर गेला असता. कळमन्यात कृष्णधवल काढायचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही. ‘जुन्या काळासारखं वाटतं’ हे कारण तर मुळीच पुरेसं नाही. बैठकीत कुणी तसं म्हटलं की खुशाल विचार, यात रंग असता तर काय बिघडलं असतं? ज्याच्याकडे उत्तर असतं त्याचा फोटो बहुधा चांगला असतो.

आता दुसऱ्याच्या फोटोवर बोलायचं कसं. आवडला की नावडला हे शेवटी. आधी जे दिसतंय ते मोठ्याने सांग. ‘माझी नजर आधी या पांढऱ्या टोपीवर गेली, मग या दोरीवरून वर आली, मग इथे अडकली.’ बस, एवढंच. ज्याने फोटो काढलाय त्याला यातून जे कळतं ते मार्कांतून कधीच कळत नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया 1937 साली सुरू झाली. सोसायट्या, क्लब आणि सलोनच्या स्पर्धांनी आपल्याकडे हौशी लोकांना शिस्त लावली, प्रिंट नीट करायला शिकवलं. ते ऋण मोठं आहे. पण स्पर्धेत परीक्षकाला प्रत्येक फोटोला क्षणभर मिळतो आणि त्यात तो आकडा देऊन मोकळा होतो. रस्त्यावरचा फोटो त्या क्षणात पुष्कळदा कळतच नाही. त्यात कोपऱ्यातला माणूस महत्त्वाचा असतो, मागच्या पाटीवरचं अक्षर महत्त्वाचं असतं. म्हणून बैठकीत आकडे नकोत.

न्यूयॉर्कमध्ये 1936 ते 1951 या काळात ‘फोटो लीग’ नावाची मंडळी होती. स्वस्त फी, सामाईक डार्करूम, आणि एकमेकांच्या प्रिंटवर तासन्‌तास वाद. त्यातल्या बऱ्याच जणांचा विषय होता आपल्याच शहरातल्या कामगार वस्त्या. त्यांच्यात बायकाही पुष्कळ होत्या. 1947 साली सरकारने त्यांचं नाव देशद्रोही संस्थांच्या यादीत घातलं आणि पुढे चार वर्षांत लीग बंद पडली. पण मला सांगायचं आहे ते त्यांच्यातल्या आरन सिस्काइंडच्या गटाबद्दल. त्यांनी हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर बरीच वर्षं काम केलं. हेतू चांगलाच होता. तरी पुढे त्या कामावर आक्षेप आला, की तुम्ही बाहेरून आलात आणि वस्तीतलं दैन्य तेवढं टिपलंत, तिथलं हसतं-खेळतं आयुष्य तुम्हाला दिसलंच नाही.

हे आपल्याला जसंच्या तसं लागू आहे. कळमन्यात येणारे आपले बहुतेक फोटोवाले धरमपेठ, प्रतापनगरसारख्या सुखवस्तू वस्त्यांतून येतात. सकाळी दोन तास थांबतात, घामाने निथळलेला हमाल काढतात, कृष्णधवल करतात, सावल्या आणखी काळ्या करतात आणि ‘संघर्ष’ असं नाव देतात. अशा फोटोवर बोलायची वेळ आली तर भिऊ नकोस. नम्रपणे पण स्पष्ट विचार, की हा माणूस कोण, त्याच्याशी बोललास का, तो हमाली किती वर्षं करतो, दुपारी कुठे टेकतो. आणि त्याला अकोल्याच्या सुधारक ओलवेंचं काम बघायला सांग. आपल्या विदर्भाचाच माणूस. त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचं आयुष्य कृष्णधवलात वर्षानुवर्षं टिपलं. गटारात उतरलेला माणूस त्यात आहे तसा घरातला, बायकापोरांतला माणूसही आहे. बघणाऱ्याला दया येत नाही, शरम येते, राग येतो, आणि त्या माणसाचं नाव विचारावंसं वाटतं. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. कामगाराचा फोटो कसा काढावा यावर बैठकीत वाद झाला, तर मी ते फोटो मध्ये ठेवीन आणि पुढे काही बोलणार नाही.

आता थोडं आपल्या दोघींतलं. तिथे पुरुष जास्त असतील, आणि तुझा फोटो बघून होण्याआधीच लेन्स कुठली घ्यावी, बाजारात एकटीने जाऊ नये, कुणाला सोबत न्यावं, असे सल्ले सुरू होतील. सगळ्यांचा हेतू वाईट नसतो. तरीही हसतमुखाने विषय कागदावर आण: ‘दादा, ते नंतर. आधी हा फोटो बघा ना.’ दोनदा म्हटलंस की तिसऱ्यांदा म्हणावं लागत नाही. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या, आपल्या देशाची पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचं नाव झालं, पण सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. तू मात्र तुझ्या प्रिंटमागे तुझं नाव, जागा आणि तारीख पेन्सिलने लिहीत जा. आणि टीका लागली तर लागू दे. घरी येऊन थोडं रड हवं तर. पण त्याच रात्री तो फोटो डिलीट करू नकोस. आठवडाभर ठेव, मग पुन्हा बघ. कुणी केवळ तोंडदेखलं गोड बोलत असेल तर त्याचं मनाला लावून घे, कडक बोलणाऱ्याचं नको. कडक बोलणाऱ्याने निदान तुझा फोटो नीट बघितलेला असतो.

‘इथून कापा, तिथून कापा’ म्हणणारा एक जण प्रत्येक बैठकीत असतोच. कापणं पाप नाही. न कापण्याबद्दल ज्याचं नाव घेतात त्या कार्तिए-ब्रेसाँने 1932 साली पॅरिसच्या सॅं-लाझार स्थानकामागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस टिपला, तो फोटोही कापलेला आहे. कुंपणाच्या फटीतून काढताना फळी आड आली होती. पण ‘काय कापू’ याआधी ‘मी एक पाऊल पुढे का गेले नाही’ हे स्वतःला विचार. कळमन्यात एक पाऊल पुढे जायला जागा असते, माणसंही जाऊ देतात.

कळमन्याच्याच रेल्वे यार्डाचं मात्र तसं नाही. मालगाड्या, वाफाळलेली सकाळ, रूळ, सगळं मोह पाडतं. रुळांत शिरू नकोस. रेल्वे कायद्याच्या कलम 147 प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि जिवाचा धोका वेगळाच. बैठकीत रुळांतून काढलेला फोटो कुणी आणला तर त्याचं कौतुक होऊ देऊ नकोस. कौतुक ऐकून दुसरा पोट्टा उद्या तिथेच जाऊन उभा राहतो.

शेवटचं सांगते, आणि हे मला सगळ्यांत जवळचं आहे. बैठकीत जे फोटो टिकले त्यांचे छोटे प्रिंट काढ आणि ज्यांचे आहेत त्यांना नेऊन दे. मी मिरची निवडणाऱ्या बायकांना पहिल्यांदा कृष्णधवल प्रिंट दिले तेव्हा सगळ्या गोळा झाल्या. त्यांनी उजेड-सावली बघितली नाही. आधी शोधलं, यात कोण आहे आणि कोण राहिलं. ‘हिची जाऊ इथंच बसली होती, ती कशी नाही आली?’ मग एक म्हातारी प्रिंट हातात धरून म्हणाली, ‘काय वं पोरी, रंग कुठी गेला? आमी काय मेलो का?’ घरोघरी भिंतीवर हार घातलेले काळे-पांढरे फोटो कुणाचे असतात ते मला माहीत होतं. पण बैठकीत इतकी वर्षं कृष्णधवलावर बोलून हा मुद्दा आमच्यापैकी एकानेही काढला नव्हता. त्या बाईने नवी साडी नेसली होती, हातात लाल-हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. त्या फोटोतून आम्ही तिच्याकडून काय काढून घेतलं ते तिने एका वाक्यात सांगितलं.

म्हणून कॅमेऱ्यात नुसतं कृष्णधवल सेटिंग ठेवू नकोस. मूळ रंगीत फाइल नेहमी हाताशी असू दे. बैठकीला काळा-पांढरा ने, बाजारात रंगीत ने. मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, मिरचीची आवकही तेव्हा जोरात असते. एकाच फेरीत दोन्हीकडे जाता येईल. प्रिंट देताना त्या बायकांत जरा बस, त्या एकमेकींना काय म्हणतात ते ऐक. आणि पुढच्या बैठकीत आपल्या मंडळींसमोर तेही सांग, त्यांच्याच शब्दांत.